दोन नद्यांमधला मुलूख

उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस गोदावरी. यांमधील जुना आदिलाबाद जिल्हा म्हणजे गोंडांचा जणू एक लहानसा देशच. या भूमीवरील हक्कासाठी झगडताना कोमराम भीम १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. तेव्हा कुठे सरकारला जाग आली. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या प्रयत्नाने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. गोंडीची क्रमिक पुस्तके देवनागरीत निघाली. कारण येथील गोंडांना मराठी परिचित होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. एकच समाज दोन राज्यभाषांत वाटला गेला. त्याची स्वतःची भाषा मात्र दोन्हीकडे बहुतेक शाळांच्या दाराबाहेरच राहिली.