दुहेरी ठिणगी, एकेरी इंधन

२५ जुलै २०२२ रोजीं बारामतीहून एकटी उडालेली एक शिकाऊ वैमानिक युवती इंजिनाची शक्ति गेल्यामुळें इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीच्या शेतांत विमानासह कोसळली. सुदैवानें थोड्या दुखापतीवर वांचली. विमान सेस्ना १५२ होतें.

या इंजिनांत चार सिलिंडरांना आठ प्लग व दोन मॅग्नेटो असतात. बॅटरी निकामी झाली तरी ठिणगी पडत राहते. १९०३ सालच्या राइट बंधूंच्या इंजिनास मॅग्नेटो एकच होता, तोही गतिचक्राच्या घर्षणानें फिरणारा. ठिणगी पुढें दुहेरी झाली. इंधन मात्र राइटांच्या टांकींतून आपल्याच भारानें उतरे, तसेंच तें सेस्नाच्या उंच पंखांतूनही उतरतें.

घरीं विमान बांधणाऱ्यानें पंख खालीं घेतले, कीं ही सोय संपते. मग इंजिनावर एक पंप व त्याच्या जोडीस विजेचा दुसरा. हौसेनें ठिणगीही इलेक्ट्रॉनिक केली, तर ती आणि विजेचा पंप एकाच बॅटरीच्या आधारें उभीं राहतात. असली जोडी नांवाचीच! म्हणून जाणते बांधणारे दुसरी बॅटरी आणि तिच्या तारा निराळ्या ठेवतात, किंवा एक मॅग्नेटो तसाच राहूं देतात. रिकाम्या टांकीपुढें दोन्ही पंप सारखेच निरुपयोगी. उड्डाणापूर्वीं टांकींत मोजपट्टी बुडवून पाहण्याची रीत अद्याप चालूं आहे.