फोनमधले बारीक स्क्रू कसे बनतात आणि ते बनवणं एवढं अवघड का असतं?

आयफोनच्या खालच्या कडेला, चार्जिंग पोर्टच्या दोन्ही बाजूंना दोन ठिपके दिसतात. ते स्क्रू आहेत. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ते मागच्या कव्हरखाली लपलेले असतात. प्रोसेसर आणि कॅमेऱ्यावर आपण तासन्‌तास बोलतो, पण हे सगळं जागेवर धरून ठेवणाऱ्या स्क्रूकडे लक्ष जातं ते फोन रिपेअरला गेल्यावरच.

किती बारीक?

स्क्रूवर ‘एम १.४’ असं माप असेल, तर त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास १.४ मिलिमीटर असतो. या मापात दोन आट्यांमधलं नेहमीचं अंतर ०.३ मिलिमीटर असतं. म्हणजे स्क्रू १.२ मिलिमीटर आत गेला, तर पकड फक्त चार आट्यांवर. त्यातला एक आटा खराब निघाला तरी फरक पडतो. म्हणूनच इथे ‘साधारण बरोबर’ चालत नाही.

बनवायच्या दोन पद्धती

पहिली पद्धत कापण्याची. लेथवर धातूचा रॉड फिरतो आणि हत्यार नको तो भाग कापून काढतं. बारीक कामासाठीचे खास लेथ स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांच्या भागांसाठी तयार झाले, म्हणून त्यांना आजही ‘स्विस लेथ’ म्हणतात. अचूकता उत्तम, पण वेळ लागतो आणि धातू वाया जातो.

दुसरी पद्धत ठोकण्याची. तारेचं वेटोळं मशीनमध्ये जातं, तुकडा कापला जातो आणि तो गरम न करताच ठोकून त्याचं डोकं आणि खाच तयार होते. मग तो तुकडा दोन खाचदार डायांमध्ये दाबून फिरवला की आटे उमटतात. इथे धातू कापला जात नाही, दाबून सरकवला जातो. त्यामुळे आटे मजबूत होतात आणि एका मिनिटात शेकडो स्क्रू निघू शकतात. नंतर गरज असेल तसं हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग आणि तपासणी होते.

मग सगळेच ठोकून का बनवत नाहीत? कारण प्रत्येक डिझाइनसाठी वेगळे डाय बनवावे लागतात. लाखो नग हवे असतील तरच तो खर्च वसूल होतो.

एका स्क्रूमुळे अडलेला कॉम्प्युटर

डिसेंबर २०१२ मध्ये अ‍ॅपलचे टिम कुक यांनी मॅक कॉम्प्युटर अमेरिकेत बनवणार असं जाहीर केलं. टेक्सासमध्ये मॅक प्रोची जुळणी ठरली आणि काम अडलं ते एका खास स्क्रूवर. न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट छापली. २० कामगारांचं एक मशीन शॉप दिवसाला जास्तीत जास्त १,००० स्क्रू देऊ शकत होतं. विक्री काही महिने लांबली, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. शेवटी अ‍ॅपलने चीनमधून स्क्रू मागवले.

टेक्सासमधल्या काल्डवेल मॅन्युफॅक्चरिंग या छोट्या कंपनीने अ‍ॅपलसाठी २८,००० स्क्रू बनवले आणि ते २२ खेपांमध्ये पोहोचवले. मोठ्या प्रमाणावरचं काम परदेशात गेल्यामुळे या कंपनीने जुने प्रेस काढून नेमक्या, थोड्या नगांच्या कामाची मशिन्स घेतली होती. कौशल्य होतं, पण वेग देणारी मशिन्स उरली नव्हती. मोबाईलचा कारखाना एखाद्या देशात उभा राहिला, की आजूबाजूला स्क्रू, स्प्रिंग, डाय बनवणारे लहान उद्योगही लागतात, ते यामुळेच.

तुमच्या फोनशी याचा संबंध काय?

• लांबी: आयफोन ५एसमध्ये डिस्प्लेच्या केबलवरची पट्टी १.२, १.३ आणि १.७ मिलिमीटरच्या स्क्रूंनी बसवलेली असते. १.२ च्या जागी १.३ चा लावला तर स्क्रूचं टोक खालच्या बोर्डात घुसून तो कायमचा बिघडू शकतो. फरक किती? साधारण एका कागदाच्या जाडीएवढा!

• खाच: आयफोनच्या बाहेरच्या स्क्रूला पाच पाकळ्यांची ‘पेंटालोब’ खाच असते. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर जबरदस्तीने घातला तर खाच झिजते, आणि मग तो स्क्रू काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

• उरलेले स्क्रू: ‘दोन स्क्रू उरले, काही फरक पडत नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आतल्या पट्ट्या कनेक्टर दाबून ठेवतात. पट्टी सैल राहिली तर फोन पडल्यावर कनेक्टर सुटू शकतो.

फोन स्वतः उघडणार असाल तर कागदावर फोनची आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावत जा. बसवताना स्क्रू अडला तर जोर लावू नका. आधी तो त्याच जागेचा आहे का, ते बघा.