ओहमचा नियम आणि परिपथाचे गणित

विभवांतर (व्होल्ट), विद्युतधारा (अँपिअर) आणि रोध (ओहम) यांपैकी दोन राशी ठाऊक असल्या की ओहमच्या नियमाने तिसरी काढता येते. तापमानासह वाहकाची भौतिक अवस्था कायम असेल, तर त्यातील धारा टोकांमधल्या विभवांतराच्या समप्रमाणात असते; म्हणजेच विभवांतर = धारा × रोध.

जर्मनीतील कोलोन येथे शाळाशिक्षक असलेल्या गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांनी हा नियम १८२६ मध्ये प्रयोगांतून मिळवला आणि १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. व्होल्टा घटाचे विभवांतर प्रयोग चालू असतानाच घसरे, म्हणून त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून बिस्मथ-तांब्याचे तापयुग्म (सांध्यांच्या तापमानातील फरकावर विभवांतर देणारी दोन धातूंची जोडी) घेतले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात, तर दुसरा बर्फात. धारा मोजली ती ढळलेली चुंबकसूची मूळ जागी आणायला टांगणीला किती पीळ द्यावा लागतो यावरून. स्थिर विभवांतराचा हा आग्रह नसता, तर नियम हाती लागणे अवघड होते.

ओहम यांच्या मूळ सूत्रात छेदस्थानी दोन पदे होती: तपासायच्या तारेचे आणि उरलेल्या परिपथाचे. शालेय गणितात दुसरे पद बहुधा गळते, आणि ते गळू नये. १.५ व्होल्टच्या घटाचा अंतर्गत रोध ०.५ ओहम व बाहेरचा २.५ ओहम असेल, तर धारा ०.५ अँपिअर येते आणि बाहेर १.२५ व्होल्टच मिळतात.

एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते व धारा सर्वत्र सारखी असते. १२ व्होल्टवर ४ आणि १२ ओहम एकसर जोडले, तर धारा ०.७५ अँपिअर, विभवांतर ३ व ९ व्होल्ट असे विभागते. यातील एकाच रोधाला पूर्ण १२ व्होल्ट लावणे ही नेहमीची चूक. सूत्रातल्या तिन्ही राशी परिपथाच्या एकाच भागाच्या हव्यात. समांतर जोडणीत व्यस्तांकांची बेरीज होते: तेच रोध मिळून ३ ओहम, आणि एकूण धारा ४ अँपिअर. घरातील वायरिंग समांतर असते. अनेक घटांच्या गुंतागुंतीच्या जाळ्यांसाठी किरखोफ यांचे नियम (१८४५) लागतात.

तापमान कायम नसेल, तर रोधही कायम राहत नाही: विजेच्या दिव्याची तार तापते, तसा तिचा रोध वाढतो. २३० व्होल्ट, १०० वॅटच्या तंतूच्या दिव्यातून ०.४३ अँपिअर धारा जाते, म्हणजे पेटलेल्या दिव्याचा रोध ५२९ ओहम. थंड असताना तो याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. त्यामुळे बटण दाबताक्षणी धारा अनेक पटींनी जास्त असते, आणि असे दिवे बहुधा लावतानाच जातात.