ग्रंथदहन आणि काटछाट : ‘फॅरनहाइट ४५१’ची साक्ष

ज्ञानावरील नियंत्रणाचा इतिहास पाहू लागले म्हणजे अभ्यासकाचे लक्ष प्रथम ग्रंथांच्या होळीकडे जाते. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात नाझी विद्यार्थ्यांनी हजारो ग्रंथ जाळले, ते सर्वांनी पाहावे म्हणूनच. परंतु ज्या काटछाटीचा धूर निघत नाही, तिचा पुरावा कोठे शोधावयाचा? रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची ‘फॅरनहाइट ४५१’ ही कादंबरी या प्रश्नाच्या विचारास विशेष उपयोगी आहे. तिच्या कथानकामुळे, आणि त्याहूनही अधिक तिच्या पाठाच्या वाट्यास जे आले त्यामुळे.

कादंबरीचे पूर्वरूप ‘द फायरमन’ या नावाने फेब्रुवारी १९५१ मध्ये ‘गॅलक्सी’ मासिकात आले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ-ग्रंथालयाच्या तळघरात भाड्याच्या टंकयंत्रावर ते लिहून काढल्याचे ब्रॅडबरी सांगत असत. हा काळ मॅकार्थीच्या चौकशांचा होता. १९५३ मध्ये अमेरिकन परराष्ट्रखात्याने परदेशांतील आपल्या ग्रंथालयांतून साम्यवादी ठरविलेल्या लेखकांची पुस्तके हटविली, आणि १४ जून रोजी डार्टमथ येथील पदवीधरांपुढे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ग्रंथ जाळणाऱ्यांची संगत न धरण्याचा उपदेश करावा लागला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कादंबरी प्रसिद्ध झाली.

तिच्यातील भावी राज्यात अग्निशामक दलाचे काम पुस्तके जाळण्याचे आहे. पूर्वी हे दल आग विझवीत असे काय, असे क्लॅरिस ही मुलगी माँटॅग या जवानास विचारते. पुढे दलाची नियमपुस्तिका याचे उत्तर देते : वसाहतींतील इंग्रजी वळणाची पुस्तके जाळण्यासाठी १७९० साली दलाची स्थापना झाली, आणि पहिला जवान बेंजामिन फ्रँकलिन! वस्तुस्थिती अशी की, फ्रँकलिनने १७३१ मध्ये फिलाडेल्फियात वर्गणीदारांचे ग्रंथालय व १७३६ मध्ये आग विझविणारे पथक स्थापन केले. १७९० हे तर त्याच्या मृत्यूचे वर्ष. ज्याने दोन्ही संस्था उभारल्या, त्यालाच ग्रंथदहनाचा आद्य पुरुष ठरविले गेले. ही थाप पचते, कारण ती खोडून काढणारा ग्रंथच कोणाच्या हाती उरलेला नाही. ग्रंथ नष्ट करण्याचा खरा लाभ येथे दिसतो : भूतकाळ सत्ताधाऱ्यांना हवा तसा लिहिता येतो.

मात्र या अवस्थेचे मूळ शासनाच्या हुकुमात नव्हते, असे दलाचा प्रमुख बीटी सांगतो. आधी पुस्तकांचे संक्षेप झाले, प्रत्येक गटाला खटकणारा मजकूर गळत गेला, वाचक कंटाळला, आग सर्वांत शेवटी आली. हे प्रतिपादन अतिरंजित वाटेल, पण खुद्द या कादंबरीनेच त्याची प्रचीती दिली.

१९६७ मध्ये बॅलन्टाइन या प्रकाशनसंस्थेने शाळांसाठी तिची वेगळी आवृत्ती काढली. तीत पाऊणशेच्या आसपास स्थळी फेरफार होते. शिवराळ शब्द व गर्भपाताचा उल्लेख गेला. दारू प्यालेला मनुष्य आजारी मनुष्य झाला. कोठे काय बदलले याची वाचकाला कल्पना नव्हती. काही वर्षे दोन्ही आवृत्त्या विकल्या जात होत्या. १९७३ पासून मात्र केवळ काटछाट केलेलाच पाठ छापला जाऊ लागला. १९७९ मध्ये हा प्रकार लेखकाला समजला, त्याने आग्रह धरला, आणि १९८० मध्ये मूळ पाठ पुन्हा आला. सुमारे सहा वर्षे, काटछाटीचा निषेध करणारे पुस्तक वाचक काटछाट झालेल्या रूपातच नव्याने विकत घेत होते.

यात कोणी हुकूमशहा नव्हता. शाळांची सोय आणि विक्रीचे हिशेब एवढे पुरेसे ठरले. म्हणूनच या घटनेचे महत्त्व इतिहासाच्या विद्यार्थ्यास अधिक वाटावयास हवे. जळालेल्या ग्रंथाची राख तरी साक्ष देते. गुपचूप बदललेला ग्रंथ स्वतःविरुद्ध साक्ष देत नाही. ती साक्ष जुन्या प्रतीच देऊ शकतात. कादंबरीच्या शेवटी निर्वासित विद्वान एकेक ग्रंथ मुखोद्गत करून जपतात. प्रत्यक्षात तुलनेचा आधार दिला तो १९५३ च्या पाठाच्या शिल्लक राहिलेल्या प्रतींनी. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी निकालात काढणारे ग्रंथालय, आणि आवृत्तीचे वर्ष न नोंदविता उतारा देणारा संशोधक, हे दोघेही नकळत बीटीच्याच कामास हातभार लावीत असतात.