सामोआचे माड आणि आपल्याकडचा भुंगा

कोकणातल्या बागाइतदाराला गेंड्या भुंगा नवा नाही. अंगठ्याएवढा काळा किडा, डोक्यावर गेंड्यासारखे शिंग. रात्री माडाच्या शेंड्यात शिरतो आणि कोवळी सुरळी पोखरतो. पुढे झावळी उलगडली, की तिची पाती कात्रीने कापल्यासारखी दिसतात. असा हा आपल्या ओळखीचा भुंगा एकदा समुद्रापार गेला. त्याने तिथे काय केले, ती हकिकत आज सांगायची आहे.

पॅसिफिक महासागरात सामोआ नावाची बेटे आहेत. त्या वेळी तिथे जर्मनांचे राज्य होते. सुके खोबरे हेच तिथले मोठे उत्पन्न. १९०९ च्या सुमारास सिलोनहून रबराची रोपे आली आणि त्यांच्याबरोबर हा भुंगाही आला. आपल्या मुलखात त्याला आवर घालणारे रोग आणि शत्रू असतात. तिथे यातले फारसे काही नव्हते. मग काय विचारता! भुंगे भराभर वाढले आणि माड वठू लागले.

सरकारने हुकूम काढले. भुंगे व अळ्या वेचून आणण्याची लोकांवर सक्ती झाली. १९१४ साली जर्मन गेले, न्यूझीलंडचा अंमल आला, तरी वेचणी चालूच राहिली. भुंगा मात्र हटला नाही. असे का व्हावे? भुंगा माडावर खातो, पण वाढतो दुसरीकडेच. मादी अंडी घालते ती कुजलेल्या ओंडक्यात, पालापाचोळ्यात, शेणाच्या ढिगात. हुमणीसारखी दिसणारी त्याची पांढरी अळी तिथेच पोसते. असा एक ढीग दृष्टीआड राहिला, की वेचणाऱ्यांचे श्रम वाया!

याच्या उलट टोंगा राज्यातल्या निउआटोपुटापू या चिमुकल्या बेटाचे उदाहरण आहे. १९२१ साली भुंगा तिथेही पोचला. लोकांनी कुजकी खोडे आणि ढीग एकूण एक साफ केले. काम नेटाने चालले आणि १९३० पर्यंत बेट भुंगामुक्त झाले. पण बेट लहान म्हणून हे साधले. मोठ्या बेटांवर कोपरा न् कोपरा झाडणार कोण? दुसऱ्या महायुद्धात भुंगा पलाऊ बेटांवर गेला, तेव्हा तिथले सुमारे निम्मे माड मेले.

अखेर उपाय सापडला तो भुंग्याच्याच मुलखात. १९६३ साली ह्यूगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला मलायात रोगट अळ्या आढळल्या. रोगाचे कारण होते एक विषाणू. १९६७ साली तो सामोआत सोडण्यात आला. रोगी भुंगा लगेच मरत नाही. तो उडतो, ढिगात जातो, माडावर जातो आणि आपल्या विष्ठेतून रोग पसरवतो. मादी अंडीही कमी घालते. म्हणजे जे काम हजारो हातांना जमले नाही, ते भुंग्यानेच केले! नुकसान पुष्कळ उतरले. भुंगा नाहीसा मात्र झाला नाही.

गोष्ट इथे संपती तर बरे झाले असते. २००७ साली ग्वाम बेटावर भुंगा आढळला, आणि त्याच्यावर हा विषाणू चालेना. त्याच जातीचे भुंगे पुढे हवाईत आणि सॉलोमन बेटांवरही पोचले. तेव्हा एकाच औषधावर भरवसा ठेवून स्वस्थ बसणे धोक्याचे.

आपल्याकडे काय करावे? मेलेला माड बागेत पडू देऊ नये. त्याचे खोड फोडून जाळावे. शेणखताचा खड्डा वरचेवर उपसावा आणि सापडतील त्या अळ्या माराव्यात. शेंड्यात भोक दिसले तर तारेच्या आकडीने भुंगा ओढून काढावा. गुरुजींनी मुलांना एकदा खतखड्ड्यापाशी नेऊन ही अळी दाखवावी. आणि हे एकट्याने करून भागत नाही, कारण भुंग्याला कुंपण नसते. शेजाऱ्याचा उकिरडा साफ नसेल, तर आपला माडही सुरक्षित नाही. सामोआच्या साऱ्या हकिकतीचे सार एवढेच आहे.