घोड्याची चंदी, घाम आणि नाडी

लांब पल्ल्याचे घोडदळ म्हटले की आपल्याला मराठ्यांचा इतिहास आठवतो. पाठ्यपुस्तकात स्वाराचे नाव असते, लढाईची तारीख असते. घोडा मात्र चित्रापुरता असतो. त्याने काय खाल्ले, किती घाम गाळला, त्याचे पाय शाबूत राहिले का, हे आपण विचारत नाही. वास्तविक मोहिमेचे यश बरेचसे याच गोष्टींवर ठरत असे.

राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आशयासाठी ते नेहमी सांगितले जाते. परंतु पत्राचा मोठा भाग घोड्यांविषयी आहे. दाणा-वैरण आताच वाटेल तशी उधळली तर ऐन पावसाळ्यात ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे त्यात बजावले आहे. गवताच्या गंजीजवळ आगटी पेटवू नये, उंदीर जळती वात ओढून नेतो, इतका बारीक तपशील त्यात येतो. घोड्याच्या मृत्यूची जबाबदारी दैवावर न टाकता व्यवस्थेवर टाकली आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

घोडा कोणाचा, यालाही महत्त्व होते. बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन येई. शिलेदाराचे जनावर कामातून गेले की त्याची उपजीविकाच गेली. 1728च्या पालखेडच्या मोहिमेत पहिल्या बाजीरावाने जड तोफखान्याच्या निजामाला वेगवान हालचालींनी दमवले आणि दाणापाण्यावाचून कोंडले. या वेगामागे दख्खनचा लहान चणीचा, काटक घोडा आणि हलके सामान होते.

आता शरीरशास्त्राकडे वळू. स्नायू काम करतात तेव्हा खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णता बनतो. ती बाहेर टाकण्याचा घोड्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. जोराच्या श्रमात तो तासाला 10 ते 15 लिटर घाम गाळू शकतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. तेवढ्याने 400 किलोच्या घोड्याचे तापमान सुमारे पावणेदोन अंशांनी उतरेल. मात्र तो वाळला पाहिजे; नुसता ओघळून गेला तर उपयोग थोडाच.

भाईंदर परिसरातील राई, मुर्धे, मोर्वे या गावांच्या मुलांना हे समजावणे सोपे आहे. मिठागरात मीठ कोरड्या दिवसांत पिकते. हवेत बाष्प वाढले की पाणी आटणे मंदावते. दमट हवेत घोड्याच्या अंगावरच्या घामाचे तेच होते. शिवाय त्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट असतो. पाण्याबरोबर क्षारही गेल्याने रक्त तितकेसे दाट होत नाही आणि तहानेची सूचना उशिरा मिळते. शरीर सुकत असताना घोडा पाण्याला तोंड लावत नाही, तो यामुळे. पुढे आतड्यांची हालचाल मंदावून पोटशूळही उठू शकतो.

दुसरा प्रश्न पायांचा. पुढच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात. भार लांब स्नायुबंधांवर येतो. चौखूर धावताना ते रबरासारखे ताणतात, आणि त्यांच्या गाभ्याचे तापमान 45 अंश सेल्सिअसपर्यंत चढते, असे 1990च्या दशकात मोजले गेले. घोडा लंगडतो का हे पाहण्यासाठी त्याला कठीण जमिनीवर दुडक्या चालीने नेतात. पुढचा दुखरा पाय टेकताना तो मान वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली करतो. ही परीक्षा केवळ डोळ्यांनी करता येते.

हे ज्ञान शर्यतींच्या नियमांत यायला फार किंमत मोजावी लागली. 1892मध्ये बर्लिन आणि व्हिएन्ना या शहरांदरम्यान लष्करी अधिकाऱ्यांची शर्यत झाली. विजेता सुमारे 71 तासांत पोचला. अनेक घोडे मेले. 1955मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात एका दिवसात 100 मैल, म्हणजे सुमारे 160 किलोमीटर जाण्याची टेव्हिस कप शर्यत सुरू झाली. 1964पासून तिथे पहिल्या दहांतील सर्वांत सुस्थितीतल्या घोड्यासाठी वेगळा चषक आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य तपासतात. ठरलेल्या वेळेत नाडी साधारण मिनिटाला 64पर्यंत उतरली नाही, किंवा घोडा लंगडला, तर पहिला आलेला स्वारही बाद होतो.

तरीही नियम पुस्तकात असणे पुरेसे नसते. 2015मध्ये घोड्यांच्या हेळसांडीमुळे आंतरराष्ट्रीय महासंघाने संयुक्त अरब अमिरातींच्या संघटनेला काही महिने निलंबित केले. 2018मध्ये अमेरिकेत ट्रायन येथे उष्मा व दमट हवा यांमुळे जागतिक स्पर्धेतील ही शर्यत मधेच रद्द करावी लागली. वाळत नसलेल्या घामाचा हा थेट परिणाम.

दख्खनच्या भीमथडी घोड्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. तो धनगरांच्या व इतर पशुपालकांच्या वाटचालीत ओझे वाहत टिकला. त्याचे कौतुक करताना त्याच्या चंदीची, पाण्याची आणि नालांची चौकशीही व्हायला हवी.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. मुलांना दोन मिनिटे जागच्या जागी धावायला सांगा. नंतर दर मिनिटाला नाडी मोजून आलेख काढा. जास्तीत जास्त नाडी किती झाली यापेक्षा ती किती वेळात उतरली, हे पाहा. मग चिपळूणचे पत्र वाचायला घ्या. इतिहासाचा आणि विज्ञानाचा तास एकत्र घेतला तरी चालेल.