शकुंतला : कापसाची रूळवाट

निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली सोपविला, तो फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी; इंग्रजांची नजर मात्र तेथील कापसावर होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूर या दोन दिशांना अडीच फुटी रूळ पडले ते याच कापसासाठी. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या मार्गावर चढत आणि मुंबई बंदर गाठत. इमादशाहीची राजधानी राहिलेले अचलपूर असे एका फाट्याचे शेवटचे स्थानक ठरले! मालकी किलिक निक्सनच्या कंपनीची. राष्ट्रीयीकरणातूनही हा मार्ग सुटला. गाड्या सरकारने चालवायच्या, मोबदला कंपनीला, आणि रूळांची डागडुजी रखडलेली. मँचेस्टरचे १९२१ चे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. मग डिझेल आले. पण कापूस एव्हाना ट्रकवर गेला होता. पुढे दोन्ही फाटे बंद पडले.